बल्ब पेटूनच राहिला, तर प्लग काढा!

जुना अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला की पहिला हात कुठे जातो, सांगा बरं? प्लगकडे. ‘चालतो का ते तर बघू!’ आणि नेमकं तेच करायचं नसतं. वीस-तीस वर्षं माळ्यावर किंवा भंगाराच्या दुकानात पडून असलेल्या मशीनच्या आत काय झालंय, हे बाहेरून कळत नाही. वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. फ्यूजच्या जागी कुणीतरी साधी तांब्याची तार गुंडाळलेली असू शकते (आपल्याकडे ही कला घरोघरी आहे). आतले कपॅसिटर इतकी वर्षं व्होल्टेज न मिळाल्याने कमजोर झालेले असू शकतात. अशा अवस्थेत थेट २३० व्होल्ट दिले, तर सगळ्यात वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळतो. बाकी बहुतेक पार्ट आजही दुकानात मिळतात. त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मात्र मिळत नाही. म्हणजे पाच सेकंदांच्या उत्सुकतेपायी अख्खी वस्तू हातातून जाते.

हे एवढ्या ठामपणे सांगतेय, कारण गेले काही महिने मी याच उद्योगात होते. माझं गाव टेंभुर्णी. सोलापूर हायवेवरचं नव्हे हं, जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. सुट्टीत घरी जाताना जालन्यातल्या एका भंगाराच्या दुकानात मला सत्तरच्या दशकाच्या शेवटचा, भारतीय बनावटीचा एक स्टिरिओ अ‍ॅम्प दिसला. पुढे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, त्यावर जाडजूड नॉब, बाजूला लाकडी फळ्या. दुकानदाराने तो आधी वजनकाट्यावर ठेवला. नऊ किलो भरला. जालन्याची ओळख ‘सोने का पालना’, पण आजचं जालना चालतं ते स्टीलवर. गावोगावचं भंगार इथल्या भट्ट्यांमध्ये वितळतं आणि त्याच्या सळया होतात. त्यामुळे इथे जुन्या अ‍ॅम्पचा भाव त्याच्या आवाजावर ठरत नाही. ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं किती, हीटसिंकचं अ‍ॅल्युमिनियम किती, यावर ठरतो. तुम्ही नाही घेतला, तर संध्याकाळपर्यंत त्याची पेटी एकीकडे आणि तांबं दुसरीकडे. मी दीड हजार दिले. वजनाच्या हिशेबाने जास्तच झाले, पण चालतंय.

तुम्हाला असं काही घ्यायचं असेल, तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे. चालू, तपासलेला सेट हवा असेल तर लॅमिंग्टन रोडला विचारता येतं, अर्थात भावही तसाच असतो. कुठूनही घ्या, दोन गोष्टी आधी बघा. एक, मागच्या बाजूची व्होल्टेजची पट्टी. जपानच्या स्थानिक बाजारासाठी बनलेले सेट १०० व्होल्टवर चालतात, अमेरिकेतले १२० वर. काहींच्या मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो, काहींच्या नसतो. ज्याला नसतो, त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो खर्च विकणारा सांगत नाही. दुसरं, झाकणाचे स्क्रू. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर आधी बरेच डॉक्टर होऊन गेलेत असं समजा. ज्याला कुणी हातच लावलेला नाही असा बंद सेट मला जास्त भरवशाचा वाटतो. अर्धवट ‘रिपेअर’ केलेल्या चालू सेटपेक्षा तर नक्कीच.

रील्समध्ये व्हिंटेज म्हटलं की जपानी सेटच दिसतात. पण त्या काळात आपल्याकडे बाहेरचा माल आणणं म्हणजे जबर कस्टम ड्यूटी, नाहीतर आखातातून सुट्टीवर येणारा एखादा नातेवाईक. म्हणून इथल्याच कंपन्यांनी इथल्या घरांसाठी सेट बनवले. कोलकात्याची सोनोडाइन १९७० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या कॉस्मिकचे अ‍ॅम्प आणि डेक ज्यांच्या घरी होते, ती माणसं आजही त्यांचं नाव कौतुकाने घेतात. गावात मात्र अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आहुजा. सप्ताह असो, लग्न असो, ग्रामपंचायतीचा प्रचार असो, भोंग्याच्या मागे तोच डबा. तो सभेसाठीचा अ‍ॅम्प, आपला विषय घरातल्या स्टिरिओचा. पण दोघांचं पोट उघडलं की आतली नाती लगेच दिसतात. आणि म्हणूनच गावात भोंगे दुरुस्त करणारा माणूस तुमचा स्टिरिओही दुरुस्त करू शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. ‘किती वॅटचा आहे?’ हा प्रश्न मला घरातल्या प्रत्येकाने विचारला. माझा अ‍ॅम्प एका चॅनेलला जेमतेम पंधरा-वीस वॅट देतो. भावाने तोंड वाकडं केलं, कारण टेपरेकॉर्डरवर हजार-हजार ‘वॅट पीएमपीओ’ छापलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो आकडा जाहिरातीसाठी असतो, त्याचा प्रत्यक्ष ताकदीशी फारसा संबंध नसतो. अशीच फेकाफेकी अमेरिकेत इतकी वाढली होती, की १९७४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाला अ‍ॅम्पचे वॅट कसे मोजायचे आणि कसे छापायचे, याचा नियमच करावा लागला. एनएडी ३०२० नावाचा १९७८ चा ब्रिटिश अ‍ॅम्प जगभर गाजला, तोही फक्त वीस वॅटचा. खोलीत बसून ऐकायला वीस खरे वॅट भरपूर होतात. डीजेची गोष्ट वेगळी, त्यावर बोलायला नको.

तर मी तो डबा घेऊन आमच्या गावातल्या रेडिओवाल्या काकांकडे गेले. पाटीवर अजून ‘रेडिओ’ आहे, पण त्यांच्याकडे येतात मिक्सर, चार्जर, स्प्रे पंपाच्या बॅटऱ्या आणि सप्ताहाच्या आठवडाभर आधी झोपलेले अ‍ॅम्प. मी प्लग हातात घेतला तर काका म्हणाले, “लय घाई करू राहिली तू. आधी सिरीज लाव.”

सिरीज म्हणजे एका लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट आणि एक वायर. होल्डरमध्ये जुना पिवळा, तारेचा बल्ब. विजेचा प्रवाह आधी बल्बमधून जातो आणि मग अ‍ॅम्पमध्ये. साठ वॅटचा बल्ब असेल, तर आत काहीही शॉर्ट असलं तरी पाव अँपिअरच्या आसपासच प्रवाह जाऊ शकतो. बाकीचा भार बल्ब अंगावर घेतो आणि पूर्ण पेटून तुम्हाला सांगतो, की आत गडबड आहे. अ‍ॅम्प ठीक असेल तर बल्ब क्षणभर लखकन पेटतो (कपॅसिटर भरतात तेव्हा) आणि लगेच मंद होतो. गंमत अशी, की हे काम एलईडी करू शकत नाही. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्यामुळे प्रवाह कमी असताना बल्ब आड येत नाही, वाढला की भिंत होऊन उभा राहतो. उजालाच्या लाटेत घरातले सगळे पिवळे बल्ब गेले असतील, तर एक-दोन शोधून ठेवा.

सिरीजच्याही आधी काकांनी आणखी एक केलं. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या पिनला, दुसरी लोखंडी पेटीला. मीटर वाजला नाही, म्हणजे वीज पेटीत उतरत नाही. जुन्या सेटची वायर दोन पिनांची असते, अर्थिंग नसतं. पेटीत करंट असला तर पहिला झटका व्हॉल्यूमच्या नॉबवरच बसतो.

आमचा बल्ब लखकन पेटून मंद झाला. चला, निम्मी लढाई जिंकली! मग बल्ब काढून, पण काकांचा हात स्विचवर ठेवून, एक फालतू स्पीकर जोडला. डाव्या बाजूने गाणं आलं, मागे घुंईईई अशी गुणगुण. उजव्या बाजूने फाटका आवाज, जणू कुणी कागदाचा पडदा फाडतंय.

गुणगुणीचं उत्तर बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. फुल वेव्ह रेक्टिफायर झाला की तिची १०० हर्ट्झची लाट होते. ती लाट सपाट करायचं काम मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि रसायनात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षं जातात तसं हे रसायन सुकतं, आणि उष्णतेत फार लवकर. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. आमच्याकडचा मे महिना आणि वर पत्र्याचं छत म्हणजे काय होत असेल, बघा. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी गुणगुण तेवढीच राहिली, म्हणजे दोष बहुधा इथेच. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचा मिळाला तर उत्तम, आणि प्लस-मायनस उलटं लावायचं नाही. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो, आणि फुटतो म्हणजे अक्षरशः फुटतो.

वीज बंद केल्यावरही हे कपॅसिटर भरलेले राहू शकतात, हे विसरू नका. ते पाच वॅटच्या एका रेझिस्टरने हळू रिकामे करायचे आणि मीटरने शून्य आलेलं बघायचं. यूट्यूबवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी उडवणारे हिरो बघून शिकू नका. आणि तुमच्या सेटमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतील, तर झाकणच उघडू नका. त्यात तीनशे व्होल्ट आणि त्याहूनही जास्त असतात, तो जाणकाराचा प्रांत आहे.

आता उजव्या बाजूचा फाटका आवाज. मला वाटलं, सर्किट डायग्राम नाही, मॅन्युअल नाही, आता काय? काका हसले. “डायग्राम तर हा काय, डाव्या बाजूला पडलेला.”

या एका वाक्यासाठी मला हा लेख लिहायचा होता. स्टिरिओ म्हणजे एका पेटीत बसवलेले दोन जुळे अ‍ॅम्प. डावा आणि उजवा सारखेच बांधलेले, तेच पार्ट, तीच व्होल्टेज. एक आजारी पडला तर दुसरा त्याचा नकाशा. चांगल्या बाजूला एका बिंदूवर व्होल्टेज मोजायचं, मग आजारी बाजूला त्याच जागी मोजायचं, आणि फरक दिसेपर्यंत पुढे सरकायचं. मोनो सेट दुरुस्त करणाऱ्याला ही सोय नसते.

आमच्या सेटला ४४ व्होल्टचा सप्लाय होता. अशा जुन्या सर्किटमध्ये आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरच्या मधल्या बिंदूवर निम्मं व्होल्टेज हवं. म्हणजे लाटेला वर जायला आणि खाली यायला सारखीच जागा मिळते. काकांचा एक हात मीटरच्या पिनवर, दुसरा खिशात (चालू सर्किटवर दोन्ही हात वापरले तर झटका छातीतून जातो, म्हणून ही सवय). डावीकडे २२ व्होल्ट. अगदी बरोब्बर. उजवीकडे ९. लाटेला खाली जायला जागाच उरलेली नव्हती, ती जमिनीवर आपटत होती. तोच फाटका आवाज!

मी म्हटलं, मोठा ट्रान्झिस्टर गेला असणार. काका उलटे निघाले, आउटपुटकडून इनपुटकडे. ड्रायव्हरवर फरक, त्याच्या आधीच्या टप्प्यावर फरक, अगदी पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवरही फरक. म्हणजे पुढचे सगळे निर्दोष, ते फक्त पहिल्याने सांगितलेलं ऐकत होते. पहिल्याला व्होल्टेज देणाऱ्या दोन रेझिस्टरच्या जोडीला एक शेंगदाण्याएवढा कपॅसिटर होता आणि तोच गळत होता. मधलं व्होल्टेज जमिनीकडे ओढत होता. किंमत एका कटिंगपेक्षाही कमी. काकांनी तो काढला, नवा लावला आणि डावीकडचाही बदलला. “जुळं आहे. एकाला नवा सदरा घातला तर दुसरा रडते.”

पुन्हा मीटर लावला. २२ आणि २२.

परदेशी हौशी मंडळींचा सल्ला असतो, की उघडलाच आहे तर सगळे कपॅसिटर एकदम बदला. काका याच्या विरोधात आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं. आपल्या जुन्या सेटचे पीसीबी तपकिरी, ठिसूळ असतात. प्रत्येक वेळी सोल्डरिंग गनची उष्णता दिली की तांब्याची पट्टी सुटायची शक्यता वाढते. चाळीस पार्ट बदलायला जाल आणि चार नव्या अडचणी विकत घ्याल. जे इलेक्ट्रोलिटिक आहेत तेवढे तपासा. चपटे, फिल्मचे किंवा सिरॅमिकचे सहसा खराब होत नाहीत.

ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आली, तर मात्र जपून. २एन३०५५ हा जाड धातूच्या टोपीचा ट्रान्झिस्टर भारतातल्या जवळपास प्रत्येक जुन्या अ‍ॅम्पमध्ये भेटतो, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. वरून तीच टोपी, तोच नंबर, आत मात्र छोटीशी चिप, थोडा जोर दिला की गेली. काकांच्या कपाटात बिस्किटाचा डबा आहे. त्यात जुन्या सेटमधून काढलेले ट्रान्झिस्टर, काहींवर ‘बेल’चा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का. बंगळुरूच्या या सरकारी कंपनीने एकेकाळी देशभरच्या रेडिओंना ट्रान्झिस्टर पुरवले. तो डबा काका सहजासहजी उघडत नाहीत.

व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर हा सगळ्यात सोपा भाग. आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि नॉब वीस-तीस वेळा मागे-पुढे. गंजलेल्या स्क्रूवर मारतो तो स्प्रे इथे चालत नाही. आमचा बॅलन्सचा नॉब अजूनही किंचित खरखरतो. पट्टीच झिजलीय. राहू दे.

आता पैशांचं. काकांनी माझ्याकडून फक्त पार्टचे पैसे मागितले. दोन संध्याकाळी घातल्या त्याचे काहीच नाहीत. “टायमाचे काय पैसे घ्यायचे?” गावात हे असंच चालतं आणि मला ते मुळीच पटत नाही. दहा रुपयांचा पार्ट लावायला कुणीही लावेल. तो *कोणता* लावायचा हे कळायला चाळीस वर्षं गेलीत. मी आग्रहाने पैसे दिले, काकू मध्ये पडल्या म्हणून घेतले गेले. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दुकानात शिकायला कुणी नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथली पोरंही मोबाइल आणि सोलरकडे जातात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही, पोट तिथे आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ची चर्चा सुरू केली. हक्क मिळेल हो, पण तो बजावायला मीटर धरणारा हात लागेल ना? तुमच्या गावात, गल्लीत असे काका असतील, तर सेट त्यांच्याकडे टाकून निघून जाऊ नका. स्टूल ओढून बाजूला बसा. आणि भाव ठरवताना पार्ट आणि मेहनत असे दोन आकडे वेगळे विचारा.

सेट घरी आला की जोडणी. मोबाइल लावायचा तो ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘ट्यूनर’ लिहिलेल्या ठिकाणी. ‘फोनो’मध्ये कधीच नाही. फोनो हे रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणाऱ्या काही मिलीव्होल्टच्या सिग्नलसाठी असतं. तिथे मोबाइलचा सिग्नल गेला तर नुसता चिरका गोंगाट येईल. मागे गोल, पाच भोकांचं सॉकेट दिसलं तर घाबरू नका, ते डिन सॉकेट, त्या काळातल्या बऱ्याच सेटना असायचं. त्याची केबल आजही मिळते. ब्लूटूथ हवं असेल तर बाहेरून छोटा रिसीव्हर लावा, त्यासाठी पेटीला भोक पाडू नका, प्लीज.

स्पीकर जोडायच्या आधी स्पीकरच्या पॉइंटवर मीटर डीसीवर लावून बघा. वीस-तीस मिलीव्होल्ट चालतात. शंभराच्या वर असेल तर थांबा आणि दाखवून घ्या. एखाद-दोन व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसले, तर स्पीकर जोडूच नका, त्याची कॉइल जळेल. पहिल्या दिवशी तुमचे चांगले स्पीकर लावू नका, एखादा टाकाऊच लावा. आवाज कमी ठेवून अर्धा तास वाजू द्या आणि मागच्या हीटसिंकवर बोट ठेवून बघा. कोमट लागलं तर ठीक. बोट दोन सेकंदही टिकत नसेल, तर स्विच बंद करा, प्लग काढा आणि पेटी उचलून पुन्हा काकांकडे.